१४३ पुस्तकं आणि एक न पाठवलेला मेल

"मॅडम, पाच वर्षांत १४३ पुस्तकं वाचली आणि मी होतो तिथेच आहे." खुर्चीत नीट टेकायच्या आधीच हे वाक्य. मी समुपदेशक, आणि ही तक्रार माझ्याकडे आता सारखी यायला लागलीय, गुंतवणुकीची पुस्तकं झाली, करिअरची झाली, सवयींची झाली, मोठमोठ्या लोकांची चरित्रं झाली, तरी आयुष्य जैसे थे, मग खोट माझ्यातच आहे का, असा एकूण सूर असतो. म्हणून ही एक केस लिहितेय, त्याची परवानगी घेऊन आणि ओळख पटेल असे तपशील बदलून.

मुलगा ३२ चा. मुलगा म्हणतेय कारण पहिल्याच भेटीत "मला अहोजाहो नका करू, अवघडल्यासारखं होतं" म्हणाला. नोकरी हिंजवडीत, घर सिंहगड रोडला, म्हणजे रोजचे तीन तास रस्त्यावर आणि त्या तीन तासांत कानात ऑडिओबुक, तेही दीडपट स्पीडनं. डिसेंबरात फर्ग्युसनवर पुस्तक महोत्सव भरतो तिथनं दरवर्षी पिशव्या भरून आणतो. लॅपटॉप उघडून मला शीट दाखवली, आणि शीट सुंदर होती हो, खोटं कशाला बोलू. पुस्तकाचं नाव, तारीख, मुख्य मुद्दे, आणि शेवटी 'अमलात आणायचं' असा एक कॉलम. तो कॉलमही शेवटपर्यंत भरलेला. 'झालं' नावाचा कॉलम मात्र कुठेच नव्हता.

झोप, भूक, ऑफिसचं काम हे मी आधी विचारून घेतलं, कारण निर्णय घेता न येणं हे कधीकधी डिप्रेशनचंही लक्षण असतं. इथे तसं काही नव्हतं, गडी झोपतही होता आणि जेवतही.

मग पैशांचं विचारलं तर ११ लाख सेव्हिंग अकाउंटला पडून. व्याज तीन टक्क्यांच्या आसपास. वर ७२ चा नियम त्यानंच मला समजावून सांगितला, ७२ ला व्याजाच्या दरानं भागलं की पैसे दुप्पट व्हायला किती वर्षं लागतील ते अंदाजे कळतं, म्हणजे याचे २४ वर्षांनी दुप्पट होणार आणि तोपर्यंत दुधाची पिशवी कितीला झाली असेल देव जाणे. हे सगळं तो हसत हसत सांगत होता, शेजारच्या फ्लॅटमधल्या माणसाबद्दल सांगावं तसं. करिअरचं तसंच. ऑफिसातच दुसऱ्या टीममध्ये जायचं होतं, वाटाघाटी कशा कराव्यात यावर चार पुस्तकं वाचली होती, आणि मॅनेजरला लिहिलेला मेल आठ महिने ड्राफ्टमध्ये होता.

दुसऱ्या भेटीला बायको आली. तिनं २०१९ मध्ये बँकेतल्या मैत्रिणीचं ऐकून म्युच्युअल फंडात दरमहा दोन हजारांची एसआयपी सुरू केली होती, एक पानही न वाचता. मार्च २०२० मध्ये मार्केट धाडकन आपटलं तेव्हा बंद का केली नाहीस असं विचारलं तर म्हणाली, "बंद कशी करायची तेच माहीत नव्हतं." आम्ही तिघंही हसलो. पण माझं मत विचाराल तर हे काही शहाणपण नव्हे, नशीब होतं, आणि मैत्रीण भली होती म्हणून बरं, नाहीतर त्याच विश्वासानं कुठल्या भलत्याच स्कीममध्येही पैसे गेले असते. तेव्हा 'वाचू नका, करून टाका' असं मी कुणालाच सांगत नाही.

त्याला विचारलं, दहावीला अभ्यास कसा करायचास? "आधी पूर्ण सिलॅबस, मग अपेक्षित प्रश्न, मग दोनदा रिव्हिजन, त्याशिवाय पेपरला बसायचोच नाही." घरात याच गोष्टीचं कौतुक झालेलं, मार्कही मिळालेले. तीच सवय इथे लागू पडेना, कारण दहावीचा सिलॅबस मार्चच्या आत संपतो आणि गुंतवणुकीचा कधीच संपत नाही, एक पुस्तक म्हणतं थोड्याच शेअरवर भिस्त ठेवा, दुसरं म्हणतं सगळीकडे विखरा, एक म्हणतं आवडीच्या मागे जा, दुसरं म्हणतं आधी कौशल्य कमव, आणि हा बिचारा दोन्ही पाठ करून तिसऱ्याची वाट बघतोय. पेपर कधीचा सुरू झालाय आणि हा अजून वर्गाबाहेर वही चाळत उभा.

शीटमधली एक ओळ मी मुद्दाम त्यालाच वाचायला लावली. अमेरिकेतला बडा गुंतवणूकदार वॉरन बफे, त्यानं १९४२ मध्ये, वयाच्या अकराव्या वर्षी, एका कंपनीचे तीन शेअर स्वतःसाठी आणि तीन बहिणीसाठी घेतले, एक शेअर ३८ डॉलरला. भाव २७ वर आला. पुढे ४० झाल्यावर बफेनं घाईनं विकून टाकले आणि नंतर तो शेअर २०० च्या वर गेला. शेजारी लिहिलेलं: 'धडा – संयम'.

"हा धडा त्याला शेअर न घेता मिळाला असता का रे?"

बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "मला तो धडा २७ वाला आठवडा सोडून पाहिजे होता."

याच्याहून नेमकं मला बोलता आलं नसतं.

पण वाचन अगदीच वाया गेलेलं नव्हतं, आणि ते बायकोनंच सांगितलं. तिचा भाऊ नोकरी सोडून ऑप्शन ट्रेडिंग करायच्या तयारीत होता. यानं त्याला शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीचा २०२४ चा अभ्यास उघडून दाखवला, तीन आर्थिक वर्षांत एफ अँड ओ, म्हणजे फ्युचर्स आणि ऑप्शन्सचं ट्रेडिंग, करणाऱ्या सामान्य लोकांपैकी ९३ टक्के तोट्यात. भाऊ थांबला. म्हणजे समोर खरा माणूस आणि खरा प्रश्न असला की याचं वाचन बरोबर कामाला येतं. स्वतःच्या बाबतीत प्रश्नच ठरलेला नसायचा, नुसती उत्तरं गोळा करणं चाललेलं.

मी काही पैशांची सल्लागार नाही, त्यासाठी सेबीकडे नोंदणी असलेल्या आणि फक्त फी घेणाऱ्या सल्लागाराकडे जा म्हणून सांगितलं. माझ्याकडनं दोनच कामं दिली. पुस्तक उघडायच्या आधी कशासाठी वाचतोय तो प्रश्न शीटमध्ये लिहायचा, आणि तो मेल तीन ओळींचा करून पाठवायचा. शिवाय हॅरी मार्कोविट्झची गोष्ट सांगितली, ज्यानं १९५२ मध्ये गुंतवणूक कशी विभागावी याचं गणित मांडलं आणि १९९० मध्ये ज्याला त्याच कामाबद्दल नोबेल मिळालं, त्यानं स्वतःच्या रिटायरमेंटचे पैसे चक्क निम्मे शेअर आणि निम्मे बाँड म्हणजे कर्जरोखे असे ठेवले होते, का तर पुढे पस्तावायची वेळ कमीत कमी यावी. हे त्याच्या १४३ मध्ये नव्हतं. लगेच लिहून घ्यायला लागला, मी म्हणलं आधी पेन खाली ठेव.

मेल जायला सोळा दिवस लागले. मॅनेजर म्हणाला सध्या जागा नाही, एप्रिलमध्ये बघू.

"मग तू काय केलंस?"

"काही नाही. कॅन्टीनला जाऊन मिसळ खाल्ली."

सहा महिन्यांचा खर्च बाजूला काढून पाच हजारांची एसआयपी सुरू झाली, पहिल्याच महिन्यात १८० रुपये खाली, त्या दिवशी नऊ वेळा ॲप उघडलं म्हणे. पुढच्या महिन्यात दोनदा. जुन्या १४३ ओळींत प्रश्न भरायला बसला तर सहाच भरता आले, आणि हे सांगताना तो ओशाळला वगैरे नाही, उलट बोटांवर मोजून सहाही प्रश्न सांगितले.

शेवटच्या भेटीला आला तो अप्पा बळवंत चौकातनं नवीन पुस्तक घेऊनच. मी नुसतं बघितलं. त्यानं पिशवीतनं काढून टेबलावर ठेवलं तर रोजच्या स्वयंपाकाचं निघालं.

"प्रश्न?" मी विचारलं.

"बायको महिनाभर माहेरी चाललीय, मॅडम. आमटी."