नंबर लागेल गं, पण हप्त्याचं काय?

प्रश्न : ताई नमस्कार, आम्ही दिव्याला भाड्याने राहतो, ११ महिने झाले की मालक एकतर भाडं वाढवतो नाहीतर खोली खाली करा म्हणतो. मिस्टर डिलिव्हरीचं काम करतात, मी चार घरी पोळ्या करते, दोघांचे मिळून ३२ हजार होतात. म्हाडाचा फॉर्म भरायचाय पण गावच्या घरावर सासऱ्यांसोबत मिस्टरांचंपण नाव आहे, चालेल का? आणि एक जण म्हणतोय ५० हजार द्या, नंबर लावून देतो.
— एक वाचक

उत्तर : अगं आधी त्या माणसाला ब्लॉक कर! सोडत कॉम्प्युटरवर निघते, म्हाडाने एजंट नेमलेलेच नाहीत. फॉर्म ऑनलाइन, अनामत रक्कम ऑनलाइन, आणि नंबर नाही लागला तर ती खात्यात परत येते. याचे ५० हजार येणार नाहीत.

गावच्या घराचं टेन्शन घेऊ नकोस. म्हाडा बघते की जिथे घर घेताय त्या महापालिकेच्या हद्दीत नवरा, बायको किंवा लहान मुलांच्या नावावर घर नाही ना. पण पंतप्रधान आवास योजनेत नियम कडक आहे, देशात कुठेही पक्कं घर नको, म्हणजे २०२४ पासूनच्या आवास २.० मध्ये कर्जाच्या व्याजावर जी १ लाख ८० हजारांपर्यंत सबसिडी आहे ती तुमचं गावचं घर पक्कं असेल तर विसरा. म्हाडाच्या सोडतीतही काही घरं याच योजनेतली असतात, म्हणून जाहिरात नीट वाचून मगच टिक कर.

आता खरं दुखणं. वर्षाचे ६ लाखांच्या आत म्हणून तुम्ही अत्यल्प गटात बसता, पण २०२३ च्या सोडतीत गोरेगाव पहाडीची याच गटातली घरं ३० लाखांच्या वर होती. २७ लाख कर्ज, ९ टक्के, २० वर्षं धरलं तर हप्ता २४ हजारांच्या पुढे जातो, मग ३२ हजारांत खाणार काय? (गट ठरवणाऱ्यांनी हे गणित केलं असेल असं मला तरी वाटत नाही.) तुम्हाला १५-१६ हजार हप्ता झेपेल, म्हणजे १७ लाखांच्या आसपास कर्ज, त्यामुळे मुंबईपेक्षा म्हाडाच्या कोकण मंडळाच्या (ठाणे, कल्याण, विरारकडची घरं यांच्याकडे येतात) जाहिरातीवर लक्ष ठेव, आणि तुझे पोळ्यांचे पैसे रोख येत असतील तर आजपासून बँकेत भरायला लाग, नाहीतर कर्ज देताना बँक फक्त मिस्टरांचाच पगार धरेल.

डोमिसाइल आणि उत्पन्नाचा दाखला आत्ताच काढून ठेव, जाहिरात आल्यावर सेतूत पाय ठेवायला जागा नसते.