गॅस आहे, तरी चूल पेटतेच. घरातला धूर कमी कसा करायचा?

तुमचा प्रश्न असा: घर बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात, गॅस आहे, पण भाकरी आणि आंघोळीचं पाणी चुलीवरच, पावसाळ्यात घरभर धूर असतो आणि आईचा खोकला हटत नाही. चूल न मोडता काय करता येईल?

माझ्या मते आधी जळण सुधारा, चुलीचं नंतर बघू. धूर म्हणजे न जळलेलं जळणच. लाकूड तापलं की त्यातून वायू निघतो, ज्वाळा असते ती त्या वायूची. लाकूड ओलं असलं की पाणी उष्णता खातं, वायू पेट घेत नाही आणि पांढुरका धूर होऊन डोळ्यांत जातो. फुंकणी मारल्यावर धुमसणारी चूल भक्कन पेटते आणि धूर एकदम नाहीसा होतो, तेव्हा हाच वायू पेटलेला असतो.

ताज्या तोडलेल्या लाकडात जवळजवळ निम्मं वजन पाण्याचं. ते 20 टक्क्यांच्या खाली आलं पाहिजे. जूनमध्ये पावसाने जोर धरला की वाळणं संपलं, म्हणून जळण शिमग्याआधीच फोडून ठेवा, मनगटाएवढं जाड. सालीसकट अख्खे ओंडके वर्षभर पडले तरी आतून ओलेच राहतात. रचताना खाली दोन आडवे दांडे, भिंतीपासून वीतभर अंतर, वर पत्रा आणि बाजू उघड्या. चारी बाजूंनी ताडपत्री गुंडाळली की आत वाफ धरते आणि बुरशी येते. वाळलं का ते बघायला एक ढलपी तराजूवर तोला, आठ दिवस उन्हात ठेवून परत तोला. वजन अजून उतरत असेल तर ते जळण चुलीत घालू नका.

चुलीत लाकडं दाटून भरू नका. हवा कमी पडली की धूर काळा होतो. तळाशी दोन-तीन इंच उंचीवर लोखंडी जाळी बसवा आणि राख रोज काढा, म्हणजे हवा खालून येते. पेटवायला करवंटी, नारळाच्या शेंड्या किंवा चिपाडं वापरा. प्लास्टिकची पिशवी अजिबात नको.

नवी चूल बांधणार असाल तर बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत तयार झालेली अस्त्र ओले माहीत असू द्या: बंद भट्टी, जाळी, ओळीने तीन वैलं (भांडी ठेवायची तोंडं) आणि धुराडं. (कन्नडात ओले म्हणजे चूल, आपल्या अर्थाने ओलं घातलंत तर तीही धुमसणारच.) रिकाम्या वैलावर झाकण हवं, नाहीतर धूर तिथूनच घरात येतो. धुराड्याचा पाइप चार इंची, काटकोनात न वळवलेला आणि आढ्याच्या वर दोन फूट गेलेला असावा. आतली काजळी महिन्याला झाडा. साचली की ओढ जाते, आणि ती पेटलीच तर कौलांखालचे वासे धोक्यात.

आंघोळीचं पाणी मात्र चुलीवरून काढाच, सगळ्यात जास्त जळण तिथे जातं. 20 लिटर पाणी 40 अंशांनी तापवायला साध्या चुलीत दीडेक किलो सुकं लाकूड लागतं. तेच काम 1500 वॅटचा रॉड अंदाजे 40 मिनिटांत, एका युनिटात करतो. गृहज्योती या कर्नाटक सरकारच्या मोफत विजेच्या योजनेत तुमच्या घरासाठी किती युनिटं ठरली आहेत ते बिलावर बघून हिशेब करा. बादली प्लास्टिकची घ्या, आणि स्विच बंद करून पिन काढल्याशिवाय पाण्यात हात घालू नका.

आईच्या खोकल्याला ‘चुलीचा खोकला’ म्हणून सोडू नका. दोन आठवड्यांवर गेला असेल तर सरकारी आरोग्य केंद्रात थुंकी तपासून घ्या, क्षयाची तपासणी तिथे मोफत होते. ती स्वच्छ आली आणि चढावर धाप लागत असेल तर डॉक्टरांना स्पायरोमेट्रीबद्दल, म्हणजे नळीत फुंकून करायच्या फुप्फुसाच्या तपासणीबद्दल, विचारा. विडी कधी न ओढलेल्या बायकांनाही धुराने सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका अरुंद होऊन कायम धाप लागण्याचा आजार, होतो. नाकाला पदर लावून उपयोग नाही: अडीच मायक्रॉनचा कण केसाच्या जाडीच्या पंचवीस-तीस पटीने बारीक असतो. आणि धूर निम्मा झाला म्हणजे त्रासही निम्मा होतो असं नाही, म्हणून चहा, दूध आणि जेवण ऊन करणं आजपासूनच गॅसवर न्या.

एक न विचारलेलं: बाळंतिणीच्या खोलीत दारं लावून बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी ठेवू नका. निखाऱ्यांना धूर नसतो, पण कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नाही, आणि झोपलेल्या माणसाला जागही येत नाही. शेक द्यायचाच तर दार-खिडकी उघडी ठेवून, कोणीतरी जागं असताना द्या, आणि झोपण्याआधी शेगडी अंगणात नेऊन ठेवा.