डाळिंबाला पाण्याचा ताण पडलाय हे एनडीव्हीआय नकाशावरून वेळेत कळतं का?

सात एकर डाळिंबाला पाणी कधी सोडायचं हे मोबाइलवर येणाऱ्या उपग्रहाच्या एनडीव्हीआय नकाशावरून ठरवू का, असं तुम्ही विचारलंय. नको. त्या नकाशाचे उपयोग आहेत, पण पाण्यासाठी तो उशिरा बोलतो. सांगोल्याकडे माझी चार एकर बाग आहे आणि हा उशीर मी एका बहारात, म्हणजे फुलं-फळांच्या एका हंगामात, भोगलाय.

एनडीव्हीआय म्हणजे पानावरून परत येणारा लाल उजेड आणि डोळ्यांना न दिसणारा निकट-अवरक्त उजेड यांची तुलना. लाल उजेड हरितद्रव्य खाऊन टाकतं, म्हणून त्यातून हिरवेपणा आणि पाला किती आहे ते कळतं. पाणी कमी पडलं की झाड आधी पर्णरंध्रं, म्हणजे पानावरची बाष्प सोडणारी बारीक छिद्रं, मिटून घेतं. हरितद्रव्य तेव्हा जागच्या जागी असतं. नकाशा हिरवागार आणि खाली फुलगळ सुरू, असं माझ्याकडे झालं ते यामुळेच.

लवकर कळायचं असेल तर पानाचं तापमान बघा. माठातलं पाणी झिरपून उडतं म्हणून माठ गार राहतो. त्याला बाहेरून ऑइलपेंट फासला की तो गार करणं थांबवतो. पानाचं तसंच आहे. रंध्रं मिटली की बाष्प उडणं थांबतं आणि पान तापतं. ही उष्णता 8 ते 14 मायक्रॉनच्या अवरक्त किरणांतून बाहेर पडते, ती इन्फ्रारेड थर्मामीटरला किंवा थर्मल कॅमेऱ्याला दिसते. अमेरिकेतल्या ॲरिझोनात शेरवुड इड्सो आणि रे जॅक्सन यांनी 1981 मध्ये यावरूनच पिकाच्या ताणाचा निर्देशांक मांडला: 0 म्हणजे पोटभर पाणी, 1 म्हणजे बाष्प उडणं पूर्ण बंद.

तेवढ्या गणितात न शिरताही काम होतं. बागेतली चार-पाच झाडं निवडून त्यांना पाण्याची कधीच ओढ पडू देऊ नका. निरभ्र दिवशी दुपारी 12 ते 2 मध्ये त्यांची पानं आणि बाकीच्या ओळींची पानं मोजा. नुसता आकडा कामाचा नाही, कारण हवा कोरडी की दमट, वारा आहे की नाही, यावर तो बदलतो. फरक बघायचा. थर्मामीटर पानांच्या दाट भागावर, सूर्य पाठीशी ठेवून धरा. तो 12:1 चा, म्हणजे अंतराच्या बाराव्या हिश्श्याएवढा गोल बघणारा असेल, तर एक मीटरवरून साधारण 8 सेंटिमीटरचा गोल बघतो. त्या गोलात उन्हाने तापलेली माती आली की वाचन फुकट. कोविडच्या काळातला कपाळावर धरायचा थर्मामीटर इथे चालत नाही, तो अंगाच्या तापापुरताच बनवलेला असतो.

उपग्रहच वापरायचा असेल तर सेन्टिनेल-2 या युरोपीय उपग्रहाचा 1610 नॅनोमीटरच्या अवरक्त उजेडाचा पट्टा घेऊन काढलेला ओलाव्याचा निर्देशांक मागा. पानातलं पाणी तो उजेड शोषतं, पान सुकलं की जास्त परत येतो. पण त्याचा एक चौकोन 20 मीटरचा, म्हणजे जवळजवळ 4 गुंठे. 4.5 बाय 3 मीटर लागवडीत त्यात तीसेक झाडं बसतात, आणि दोन ओळींमधली उघडी मातीसुद्धा. बंद पडलेला व्हॉल्व्ह त्यात सापडेल, तुंबलेला ड्रीपर नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. पान तापलंय एवढंच उजेड सांगतो, का तापलंय ते सांगत नाही. मर रोगात खोडातल्या पाणी वाहणाऱ्या नळ्या बंद होतात. मातीत ओल असूनही झाड तहानलेलं राहतं आणि पान तापतं. एकदा अशी सहा झाडं मला तापलेली दिसली आणि मी त्यांचं पाणी वाढवलं. सहाही गेली. म्हणून तापलेलं झाड दिसलं की आधी बुडाशी वीतभर उकरा. माती कोरडी असेल तर ड्रीपर बघा. ओली असेल तर पाणी वाढवू नका, एक मूळ उभं चिरा. आत करडे-तपकिरी पट्टे दिसले तर त्याच दिवशी कृषी विज्ञान केंद्राला किंवा सोलापूरच्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्राला दाखवा.

तुम्ही कोणता बहार धरताय ते मात्र लिहिलं नाही. बहार धरण्याआधी आपण मुद्दाम ताण देतो. त्या दिवसांत पान तापणं हीच चांगली खूण, आणि जी ओळ गारच राहते तिथे कुठून पाणी मुरतंय ते शोधायचं.