गुन्हेगारी रक्तातून उतरते का?

प्रश्न : मुलीला जळगावकडचं स्थळ आलंय. मुलगा आयटीआय झालेला, नोकरीला आहे. पण त्याचे वडील चोरीच्या गुन्ह्यात दोनदा तुरुंगात गेले होते. मुलगा तान्हा असल्यापासून मामाकडे वाढला. भावकी म्हणते, 'खाण तशी माती.' हे खरं का? रक्ताची काही तपासणी असते का?
— एक वडील, रावेर

उत्तर : थोडं खरं आहे, पण भावकी म्हणते तेवढं नाही. डेन्मार्कमध्ये १९२४ ते १९४७ या काळात दत्तक गेलेल्या १४,४२७ जणांच्या शिक्षेच्या नोंदी तपासल्या गेल्या. निष्कर्ष १९८४ साली आले. जन्मदाते आणि दत्तक पालक दोघंही निष्कलंक, अशा मुलग्यांपैकी १३.५ टक्क्यांना शिक्षा झाली होती. फक्त जन्मदात्यांना शिक्षा झालेली असेल, तर २० टक्के. म्हणजे फरक पडतो. पण त्या गटातल्याही शंभरातल्या ऐंशी मुलांवर एकही शिक्षा नव्हती. शिवाय हा संबंध चोरी-फसवणुकीत दिसला, मारहाणीत नाही.

मुळात चोरी उतरत नाही. उतरतो तो उतावळेपणा, राग आवरण्याची कमी-जास्त कुवत. त्यातही शेकडो जनुकांचा चिमूटभर चिमूटभर वाटा. तुम्ही केळीच्या मुलखातले. टिश्यू कल्चरची रोपं एकाच कंदापासून केलेली, तरी एका बागेत ठिबक चुकलं, थंडी लागली की घड बारीक पडतो. माणसाचं तर याहून गुंतागुंतीचं.

तपासणीवर एक रुपयाही घालवू नका. 'एमएओए' या जनुकाचं नाव तुमच्या कानावर येईल. ते पूर्ण बंद पडल्याने आक्रमक झालेले पुरुष १९९३ मध्ये एका डच कुटुंबात सापडले, पण तो दोष अतिदुर्मीळ. त्याचाच मंद चालणारा प्रकार पुष्कळ पुरुषांत असतो. न्यूझीलंडच्या २००२ च्या अभ्यासात तो मुख्यतः लहानपणी मारझोड, छळ सोसलेल्यांना नडलेला दिसला.

'रक्तच तसं' या समजुतीवर इंग्रजांनी १८७१ साली कायदा करून पुढे जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या. १९५२ मध्ये तो रद्द झाला, तरी आपल्याकडच्या पारध्यांच्या पोरांकडे आजही त्याच नजरेनं पाहिलं जातं. म्हणून ती म्हण लग्नाच्या बैठकीत कुणी वापरली, की आम्हाला वाईट वाटतं.

मामाच्या गावी जा. शाळेतले गुरुजी, शेजारी, कामावरचे मुकादम यांना भेटा. दहा वर्षांच्या आतच मारामाऱ्या, चोऱ्या सुरू होऊन आजवर चालू असतील तर सावध व्हा. सोळा-सतरात एखादी आगळीक होऊन थांबली असेल, तर ती बहुतेकांची थांबतेच. दारू किती, हातात नोकरी किती वर्षं टिकली, हे विचारा. गाडीवरून पडून डोक्याला जबर मार लागला होता का, हेही विचारा. कपाळामागचा मेंदूचा भाग दुखावला तर शांत माणूसही भडक होऊ शकतो, आणि त्याचा वडिलांशी काही संबंध नसतो. तसं घडलं असेल तर बोलणी पुढे नेण्याआधी मेंदूविकारतज्ज्ञांचे कागद पाहा.