आत्तोने धंदा बदललाच नव्हता

प्रश्न दोन आहेत. 2001 सालच्या 'ब्लॅक हॉक डाउन' या हॉलिवूडपटात सिगार ओढत अमेरिकन जनरलशी ऐटीत बोलणारा सोमालियाचा उस्मान अली आत्तो प्रत्यक्षात तसाच होता का? आणि व्यापारी माणूस वॉरलॉर्ड, म्हणजे हत्यारबंद टोळीचा प्रमुख, होऊन पुढे मंत्री कसा काय होतो?

सिगारचं आधी उरकतो. आत्तो तेव्हा हयात होता, सोमालियाची राजधानी मोगादिशूतच राहत होता, आणि आपलं चित्रण पाहून चांगलाच भडकला होता. त्याने बीबीसीला सांगितलं की मी सिगार ओढत नाही, कानात काही घालत नाही. पडद्यावर तीन गाड्यांचा ताफा दाखवलाय, पण 21 सप्टेंबर 1993 ला मला पकडलं तेव्हा एकच गाडी होती, तीही फियाट 124. हेलिकॉप्टरमधून त्या गाडीवर किमान पन्नास गोळ्या लागल्या, माणसं मेली, सोबत्याचे दोन्ही पाय जखमी झाले. आणि चित्रपट काढताना मला कुणी विचारलंसुद्धा नाही, ही तक्रार होतीच. आता हा माणूस काही साधुसंत नव्हता, तेव्हा त्याचा प्रत्येक शब्द मी घेणार नाही. पण फियाटवर माझा विश्वास बसतो. ज्याच्यामागे अमेरिकन कमांडो लागलेत तो ताफा मिरवत कशाला फिरेल?

दुसरा प्रश्न मला जरा उलटा वाटतो. 'व्यापारी होता, मग वॉरलॉर्ड झाला' असं म्हटलं की मध्ये कुठेतरी त्याने दुकान बंद केलं असं वाटतं. आत्तोने ते कधीच केलं नाही. हुकूमशहा सियाद बर्रेच्या काळात त्याचा पैसा बांधकामाची अवजड यंत्रं, ट्रक आणि परदेशी कंपन्यांची कामं यांतून आला. आपल्या भाषेत मोठा ठेकेदार. जानेवारी 1991 मध्ये बर्रे पळाला आणि राजधानी हाविये जमातीच्या युनायटेड सोमाली काँग्रेस या बंडखोर संघटनेच्या हाती आली. त्यात दोन दावेदार: अली महदी, जो स्वतः हॉटेलवाला, आणि जनरल मोहम्मद फराह ऐदीद. (हा ऐदीद त्याआधी दिल्लीत सोमालियाचा राजदूत होता, हे आपल्याकडे फारसं कुणाच्या लक्षात नसतं.) आत्तो आणि ऐदीद दोघेही हबर गिदिर कुळातले, त्यातही सआद शाखेचे. जनरलकडे नाव होतं, लढाईचा अनुभव होता, पण पैसा आणि चाकं आत्तोकडे.

चाकं म्हणालो ते शब्दशः घ्या. आत्तोचं मोगादिशूत मोठं गॅरेज होतं. पिकअप आणायची, टप कापायचा, मागच्या हौद्यात लोखंडी स्टँड वेल्ड करायचा आणि त्यावर जड मशीनगन किंवा विमानविरोधी तोफ बसवायची. झाली 'टेक्निकल'. हे नाव पडलं कसं? मदतसंस्थांना बंदूकधारी रखवालदार ठेवावे लागत आणि तो खर्च हिशेबात 'तांत्रिक सहाय्य' म्हणून दाखवत, असं सांगतात. माझे एक मामा 1994 मध्ये भारतीय ब्रिगेडबरोबर बैडोआला होते. ते म्हणायचे, सकाळी हीच पोरं गाडीच्या सावलीत पेंगत पडलेली दिसायची. दुपारी 'खात' नावाच्या नशिल्या पाल्याच्या जुड्या आल्या, पानं चघळून झाली, की मग मात्र त्यांच्या वाटेला जायचं नाही. संयुक्त राष्ट्रांच्या फौजेलाही गॅरेजचं मोल कळत होतं. 5 जून 1993 ला ऐदीदच्या माणसांच्या हल्ल्यात 24 पाकिस्तानी शांतिसैनिक मारले गेले, आणि त्यानंतर अमेरिकन गनशिप विमानांनी ज्या ठिकाणांवर तोफा डागल्या त्यांत आत्तोचं गॅरेज होतं.

गंमत अशी की त्याच आत्तोचे अमेरिकन हे भाडेकरू होते. कोनोको ही अमेरिकन तेल कंपनी सोमालियात तेल शोधत होती, आणि बाकीच्यांनी गाशा गुंडाळल्यावरही तिचं मोगादिशूतलं ऑफिस चालू होतं. जागा आत्तोची. डिसेंबर 1992 मध्ये मरीन सैनिक किनाऱ्यावर उतरले तेव्हा अमेरिकेच्या विशेष दूताचं कार्यालय याच कोनोकोच्या आवारात थाटलं गेलं. म्हणजे भाडं आत्तोला, नऊ-दहा महिन्यांनी हेलिकॉप्टरही आत्तोवरच.

पकडल्यावर तो जवळजवळ चार महिने कैदेत होता. पण 3 ऑक्टोबरला ऐदीदच्या माणसांशी झालेल्या लढाईत 18 अमेरिकन सैनिक गेले, वॉशिंग्टनने माघार ठरवली, आणि जानेवारी 1994 मध्ये आत्तो सुटला.

खरी फूट त्यानंतरची, आणि ती मला हेलिकॉप्टरच्या नाट्यापेक्षा जास्त बोलकी वाटते. संयुक्त राष्ट्रांच्या त्या मोहिमेवर दीड अब्जाहून अधिक डॉलर खर्च झाले. त्यातली घरभाडी, ट्रकभाडी, रखवालदारांचे पगार मोगादिशूत झिरपत होते. मार्च 1995 मध्ये मोहीम उठली आणि हा नळ बंद झाला. उरलं काय, तर बंदराची जकात आणि शबेले खोऱ्यातल्या केळीच्या निर्यातीवरची वसुली. ऐदीदला युद्ध चालू ठेवायचं होतं. आत्तोला, माझ्या मते, त्यात आता परतावा दिसत नव्हता. जून 1995 मध्ये त्यांच्याच आघाडीतल्या एका गटाने ऐदीदला काढून आत्तोला अध्यक्ष केलं. ऐदीदने काही दिवसांतच स्वतःला थेट राष्ट्राध्यक्ष जाहीर केलं. पुढच्या वर्षी आत्तो आणि अली महदीच्या माणसांशी झालेल्या लढाईत ऐदीदला गोळी लागली आणि 1 ऑगस्ट 1996 ला तो गेला. ज्याने त्याच्या युद्धाचा खर्च उचलला, त्याच्याच माणसांशी लढताना.

मग वाटाघाटींचं सत्र: 1997 मध्ये कैरो, नंतर इथिओपिया, केनिया. ते सगळं सांगत बसत नाही. दरम्यान मोगादिशूत जे झालं ते महत्त्वाचं. 1999 च्या सुमारास शहरातल्या नव्या व्यापाऱ्यांनी टोळीप्रमुखांना हप्ता देणं बंद केलं, त्यांची पोरं स्वतःच पगारावर घेतली आणि शरिया न्यायालयांच्या हाताखाली दिली. मध्यस्थच वगळला! आत्तोच्या पिढीचं वजन तिथे घटलं असं मी मानतो. बंदुका पुरवून मिळणारी किंमत संपली, तेव्हा शांतता-कराराच्या टेबलावरची खुर्ची हाच काय तो माल उरला, आणि तो त्याने नीट विकला. 2004 नंतर केनियात जे संक्रमणकालीन सरकार बनलं त्यात त्याला मंत्रिपद मिळालं. खातं सार्वजनिक बांधकाम आणि गृहनिर्माण. ठेकेदाराला दुसरं कुठलं देणार? फक्त त्या सरकारला तेव्हा स्वतःच्या राजधानीत पाय ठेवता येत नव्हता, मग रस्ते कुठले बांधणार.

5 ऑगस्ट 2013 ला तो मोगादिशूतच वारला. ज्या शहरात इतक्यांना मारलं गेलं तिथे हा आपल्या मरणाने गेला.