थांबवायची गोळी चालू, चालू ठेवायची बंद

‘मानसोपचारतज्ज्ञाकडे गेलं की गोळ्या मागे लागतात, आयुष्यभर सुटत नाहीत. खरं का?’ समुपदेशनाला येणारे बरेचजण हे विचारतात. बँकेत नोकरी करणाऱ्या, चाळिशीला टेकलेल्या एका ताईंनीही विचारलं. (ओळख कळू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) छातीत धडधड, पहाटे तीनला जाग, ईसीजी नॉर्मल. खासगी दवाखान्यात मानसोपचारतज्ज्ञांना दाखवून तीन महिने झालेले, तरी गुण नव्हता.

त्यांनी पर्समधून दोन स्ट्रिपा काढल्या. सकाळच्या एस्सिटालोप्रामच्या चारच गोळ्या संपलेल्या. रात्रीच्या क्लोनाझेपामच्या दोनच उरलेल्या, आणि ती कितवी तरी स्ट्रिप होती.

घोटाळा इथेच होता. एस्सिटालोप्राम ही चिंता-नैराश्यावरची गोळी, तोच मूळ उपचार. सुरुवातीला मळमळ होते, काहींची बेचैनी थोडे दिवस वाढते. बहुतेकांचा हा त्रास एक-दोन आठवड्यांत ओसरतो. पूर्ण गुण यायला मात्र चार ते सहा आठवडे लागतात. ताईंनी पाचव्या दिवशीच ती सोडली. क्लोनाझेपाम पहिल्या रात्रीच झोप आणते, म्हणून ती आवडली. डॉक्टरांनी दोनच आठवडे लिहून दिली होती. ताई जुन्या चिठ्ठीवर ओळखीच्या मेडिकलमधून आणत राहिल्या. सवय लागते ती या गोळीची. लोकांची भीती खोटी नाही, फक्त चुकीच्या गोळीला चिकटलेली आहे.

औषध लिहिणं किंवा बदलणं समुपदेशकाच्या अधिकारात नाही, म्हणून त्यांना त्याच डॉक्टरांकडे परत पाठवलं. पहिली भेट अर्धा-पाऊण तास चालते, पुढच्या दहा-पंधरा मिनिटांत आटोपतात. तेवढ्यात सगळं आठवत नाही, म्हणून अर्ध्या पानावर लिहून दिलं: कोणती गोळी कधी सोडली आणि का, झोपेच्या वेळा, बीपी-थायरॉईडपासून आयुर्वेदिक काढ्यापर्यंत चालू असलेलं सगळं, घरात कुणाला असा त्रास होता का. दारू घेत असाल किंवा गरोदरपणाचा विचार असेल तर तेही लपवू नये, औषध त्यावरून ठरतं. खाली प्रश्न: ही गोळी कशासाठी, किती दिवस, त्रास झाला तर फोन कुणाला करायचा?

डॉक्टरांनी टीएसएच ही थायरॉईडची रक्ततपासणी करायला सांगितली, कारण थायरॉईड वाढल्यानेही धडधड होते. रिपोर्ट ठीक आला. सकाळची गोळी पाच मिलिग्रॅमपासून, नाश्त्यानंतर, पुन्हा सुरू झाली, पुढे दहा. क्लोनाझेपाम दर दोन आठवड्यांनी थोडी थोडी उतरवली. एकदम बंद केली असती तर झोप पार उडाली असती, क्वचित फिटही येते. एस्सिटालोप्रामही बरं वाटल्यावर निदान सहा महिने घेऊन मग हळूहळूच कमी करतात. झटक्यात सोडली तर चक्कर येते, डोक्यात करंट गेल्यासारखं होतं. हा औषध अचानक थांबल्याचा त्रास असतो, व्यसन नव्हे.

जीव नकोसा वाटू लागला तर मात्र पुढच्या तारखेची वाट पाहायची नाही. त्याच दिवशी डॉक्टरांना गाठायचं किंवा जवळच्या रुग्णालयात जायचं. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांकही चोवीस तास चालू असतो.

‘ऑफिसात कळेल का हो?’ ताईंनी जाता जाता विचारलं. मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 नुसार उपचारांची माहिती गोपनीय असते; जिवाला धोका किंवा न्यायालयाचा आदेश असे मोजके अपवाद सोडले तर डॉक्टर ती ऑफिसला देऊ शकत नाहीत. पुढच्या भेटीला ताई यजमानांना स्वतःहून घेऊन गेल्या.