शॅडो टीचर आणि मावशींशी बोलण्याआधी

ताई, विशेष गरजा असलेल्या तुमच्या मुलाच्या डायरीत शॅडो टीचरने (वर्गात त्याच्यासोबत बसून मदत करणाऱ्या शिक्षिकेने) फक्त ‘आज त्रास दिला’ लिहिलं, तर राग साहजिक आहे, पण एवढ्या शेऱ्यावर भांडायला जाऊ नका. डायरीत तीन रकाने आखून द्या: आधी काय झालं, त्याने काय केलं, नंतर मोठ्यांनी काय केलं. दोन आठवडे भरून घ्या. बहुतेकदा गोंधळ मधल्या सुट्टीच्या घंटेला किंवा जिन्यातल्या गर्दीत होतो. मग पाच मिनिटं आधी वर्गाबाहेर काढणं एवढंच मागायचं असतं.

शाळेतल्या मदतनीस मावशींसाठी अर्धं पान, मराठीत, मोठ्या अक्षरात लिहा. हात धरून ओढू नका. समोर येऊन दोनच शब्द: ‘बूट घाल.’ मनात दहा मोजा, मग तेच शब्द पुन्हा. शब्द बदलले की त्याला समजून घेणं पहिल्यापासून सुरू करावं लागतं. तो हट्ट नसतो. मावशींना हे कुणी शिकवलेलंच नसतं, म्हणून त्यांच्यावर चिडणं मला अन्यायाचं वाटतं.

शाळेकडे मागणी मात्र लेखीच करा, पोच घ्या. दिव्यांग हक्क कायदा, 2016 मधलं कलम 16 नमूद करा. मान्यताप्राप्त शाळेने गरजेनुसार सोयी आणि आधार द्यायचा असतो. नवी मुंबईत राहत असाल तर महापालिकेच्या वाशीतल्या ईटीसी केंद्रातही (दिव्यांगांसाठीचं शिक्षण-प्रशिक्षण केंद्र) विचारा.